त्रुटीची पूर्तता

गेल्या मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर पलंगपोस टांगून मला त्याच्यापुढे उभे करण्यात आले होते. पलंगपोस पांढरा होता, आणि तो पांढराच हवा होता. कारण अर्जासोबत द्यावयाच्या छायाचित्राची पार्श्वभूमी पांढरी असावी असा नियम होता. सूनबाई मोबाईल सरसावून म्हणत होती, "आई, हनुवटी जरा वर. आणि हसू नका." नातू पलंगपोसाचे टोक धरून स्टुलावर उभा होता, आणि हसू त्यालाच आवरत नव्हते. आमचे हे वर्तमानपत्राच्या आडून हा सोहळा पाहत होते. शेवटी त्यांना राहवले नाही. "तुला पाहायला आम्ही आलो होतो ना, तेव्हासुद्धा एवढी तयारी नव्हती," ते म्हणाले.

अर्ज पीएच. डी.च्या प्रवेशाचा होता. विषय लोकप्रशासन. अर्जदाराचे वय वर्षे साठ.

"या वयात कशाला?" हा प्रश्न त्या दिवसापासून मला इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचे छापील उत्तर करून ठेवावे असे वाटू लागले होते. वहिनींनी फोनवर विचारले, दूधवाल्याने दारात विचारले, बँकेत पेन्शनीच्या रांगेत उभ्या असलेल्या जुन्या सहकाऱ्यांनी तर एकमेकांकडे पाहत विचारले. पगारवाढ नाही, बढती नाही, पुढे नोकरी नाही, मग? शेजारच्या काकूंच्या कानांवर मी 'डॉक्टर' होणार एवढेच गेले होते. त्यांनी आपल्या गुडघ्याचे दुखणे मला सविस्तर सांगून ठेवले.

छत्तीस वर्षे मी महसूल खात्यात काढली. कारकून म्हणून लागले, अव्वल कारकून झाले, आणि नायब तहसीलदार म्हणून नियमाप्रमाणे 58 व्या वर्षी शाल आणि नारळ घेऊन घरी आले. या काळात माझ्या टेबलावरून किती अर्ज गेले असतील याची गणती नाही. वारसाच्या नोंदीचे, जातीच्या दाखल्याचे, उत्पन्नाच्या दाखल्याचे, बांधाच्या भांडणाचे, अतिवृष्टीच्या नुकसानभरपाईचे, निराधारांच्या अनुदानाचे. अर्ज वाचण्याचीही एक विद्या असते. नवशिका कारकून अर्ज वरून खाली वाचतो. मुरलेला कारकून तो खालून वर वाचतो. आधी सही, मग तारीख, मग जोडलेले कागद, आणि वेळ उरलाच तर मजकूर. ही खोड माझ्या इतकी अंगवळणी पडली आहे की घरी लग्नपत्रिका आली तरी माझी नजर आधी सोबत काही जोडले आहे का हे शोधते. अर्जात काय आहे यापेक्षा अर्जात काय नाही हे पाहायला मी शिकले होते. जे नाही, त्याला आमच्या भाषेत 'त्रुटी' म्हणतात. त्रुटी सापडली की अर्ज परत, आणि शेरा ठरलेला: "त्रुटीची पूर्तता करून पुन्हा सादर करावा."

अशी मी, छत्तीस वर्षे खिडकीच्या आत बसलेली, आता खिडकीच्या बाहेर येऊन उभी राहिले होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 साली पीएच. डी.साठी नवे नियम केले. ते मी सरकारी परिपत्रक वाचावे तसे, तांबड्या पेन्सिलीने खुणा करीत वाचले. वयाची अट कोठेही नव्हती. एम. ए.ला 55 टक्के हवेत. नोकरीत असताना, मुले निजल्यावर दूरशिक्षणाचे धडे गिरवून मी 57 मिळविले होते. मुदत कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सहा. बायकांना आणखी दोन वर्षांची सूट. म्हणजे ही सूट वापरली तर मी अडुसष्टाव्या वर्षी डॉक्टर होणार. हे गणित मी घरात कोणाला सांगितले नाही.

मार्गदर्शकांविषयीचा नियम मात्र वाचून मला मोठी गंमत वाटली. प्राध्यापकाने एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाने सहा आणि सहायक प्राध्यापकाने चार विद्यार्थी घ्यावेत. आणि ज्याच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल त्याने नवा विद्यार्थी घेऊच नये. माझ्या बरोबरीच्या, माझ्या ओळखीच्या साऱ्या मंडळींचे दरवाजे या एका कलमाने बंद झाले. माझा गुरू माझ्या मुलाच्या वयाचा असणार हे ठरून गेले.

प्रवेश-परीक्षेचा निम्मा भाग संशोधनपद्धतीचा आणि निम्मा विषयाचा. पहिल्याचे पुस्तक नातवाच्या पुस्तकांशेजारी ठेवून आम्ही दोघे संध्याकाळी अभ्यासाला बसू लागलो. तो पाढे म्हणे आणि मी नमुना-निवडीचे प्रकार पाठ करी. तो मला मध्येच विचारी, "आजी, तुझी परीक्षा कोण घेणार?" कॉम्प्युटर घेणार, असे सांगितल्यावर त्याला माझा फार हेवा वाटला, कारण कॉम्प्युटर कान धरीत नाही.

विषयाचा अभ्यास मात्र मला वेगळ्याच रीतीने भेटला. या शास्त्राचा आरंभ वुड्रो विल्सन याच्या 1887 मधल्या एका लेखापासून धरतात. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला हा गृहस्थ तेव्हा तिशीतला अध्यापक होता. राज्य कोणी करावे यावर शतकानुशतके वाद झाले. ते दररोज चालवावे कसे याचाही अभ्यास झाला पाहिजे, असा त्याचा आग्रह. नंतर आला जर्मनीचा मॅक्स वेबर. त्याने नोकरशाहीचे जे वर्णन केले आहे ते वाचताना मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आले. लेखी नियम, लेखी नोंद, वरिष्ठ-कनिष्ठांची उतरंड, ठरलेला पगार, आणि समोरचा माणूस कोण आहे हे न पाहता सर्वांना एकच नियम. हा मनुष्य 1920 साली वारला. तो आमच्या तहसील कचेरीत कधी येऊन बसला होता?

समोरचा माणूस कोण हे न पाहणे, याचा मला नोकरीत अभिमान होता, आणि तो अगदीच खोटा होता असे आजही मी म्हणणार नाही. तसे पाहायला लागले तर पुढाऱ्याच्या भाच्याचा अर्ज आधी सुटतो आणि ज्याला कोणी नाही त्याचा तळाशी जातो. नियम आंधळा असतो म्हणून तर गरिबाला त्याचा आधार.

पण मग मायकेल लिप्स्की नावाच्या अमेरिकन अभ्यासकाचे 1980 मधले पुस्तक हाती आले. त्याचे म्हणणे साधे आहे. सरकारचे धोरण राजधानीत लिहिले जाते खरे, पण लोकांच्या वाट्याला जे येते ते शाळामास्तर, पोलीस शिपाई, खिडकीवरचा कारकून यांच्या हातून येते. काम अफाट, वेळ थोडा. मग ही माणसे आपापल्या सोयीच्या रीती पाडतात, आणि लोकांच्या दृष्टीने तेच सरकारचे धोरण होऊन बसते. म्हणजे मुंबईत कायदा कोणी का केला असेना, आमच्या तालुक्यापुरते धोरण ठरविणारी मी होते! बढतीची वाट पाहण्यात वर्षे घालविलेल्या बाईला ही बातमी निवृत्तीनंतर कळावी, हा न्याय मोठा मजेदार म्हणायचा.

माघात परीक्षा झाली. केंद्रावर दारात उभ्या असलेल्या पोराने मला, "पालकांनी बाहेर थांबावं," असे सांगितले. प्रवेशपत्र दाखविल्यावर तो इतका ओशाळला की त्याने मला हाताला धरून जागेवर नेऊन बसविले. पास व्हायला पन्नास टक्के हवे होते. ते मिळाले, वर थोडे उरले.

आता संशोधनाचा आराखडा द्यायचा होता. विषय सुचविणारांची काही वाण नव्हती. आमचे हे म्हणाले, "पंचायत राज घे." पंचायत राज हा चांगलाच विषय, 1961 चा जिल्हा परिषदांचा कायदा, 1 मे 1962 पासून त्याचा अंमल, पुढे 73 वी घटनादुरुस्ती. पण त्यावरचे प्रबंध मांडायला ग्रंथालयाला स्वतंत्र कपाट लागते. एका जुन्या साहेबांनी रोजगार हमी सुचविली. मुलाने संगणकीकरण सुचविले. मी सर्वांचे ऐकून घेतले आणि आराखड्यातल्या 'संशोधनाचा हेतू' या रकान्यापाशी येऊन थांबले. तीनशे शब्दांत हेतू लिहायचा होता. मी लिहिले, "सामाजिक बांधिलकीच्या भावनेतून, प्रदीर्घ प्रशासकीय अनुभवाच्या आधारे, धोरणनिर्मितीस उपयुक्त असे..." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीप्रमाणे ते खालून वर वाचले. हा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी त्यावर 'मोघम' एवढाच शेरा मारून तो परत केला असता.

खरा हेतू मला ठाऊक होता. तो तीनशे शब्दांचा नव्हता, आणि तो लिहायचा धीर मला होत नव्हता.

1995 सालच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका डोंगरी तालुक्याला मी होते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे टेबल माझ्याकडे होते. एक पन्नाशीची विधवा बाई आली. जमीन नाही, मुलगा नाही, एक मुलगी होती ती लग्न होऊन गेलेली. गावाहून सकाळी एक एस. टी. निघे, तीच संध्याकाळी परत जाई. ती चुकली तर मुक्काम स्टँडवर. पहिल्या खेपेला तिच्याजवळ उत्पन्नाचा दाखला नव्हता. दुसऱ्या खेपेला तो आणला, तर राज्यात पंधरा वर्षे वास्तव्य असल्याचा दाखला नव्हता. तिसऱ्या खेपेला तोही आणला. मी कागद ताडून पाहिले. शिधापत्रिकेवर तिच्या नावापुढे 'बाई' होते. तलाठ्याच्या दाखल्यावर नुसतेच नाव होते, 'बाई' नव्हते. मी शेरा लिहिला: "नावात तफावत. प्रतिज्ञापत्र जोडावे."

तिला वाचता येत नव्हते. काय लिहिले ते मी समजावून सांगितले. एका कागदावर 'बाई' आहे, दुसऱ्यावर नाही, म्हणून. ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी आता म्या बाई न्हाई व्हय?"

सारी कचेरी हसली. मीही हसले. तीही, पदर तोंडाला लावून, थोडी हसली. मग कागदांची गुंडाळी पिशवीत घालून ती गेली.

चौथ्या खेपेला, 1996 च्या आरंभी, तिने प्रतिज्ञापत्र आणले. आता अर्ज पुरा होता. पण मंजुरी समिती देणार, आणि समितीपुढे अर्जदाराने हजर राहायचे. बैठक ठरली, पुढे गेली, आणि तेवढ्यात लोकसभेची निवडणूक लागली. तेव्हा निवडणूक आयोगावर शेषनसाहेब होते. त्यांच्या आचारसंहितेचा दरारा असा की नवे काही मंजूर करायला कोणी धजत नसे. मी तिला सांगितले, "निवडणूक झाल्यावर या." निवडणूक झाली. समितीपुढे हजर राहण्याची नोटीस तलाठ्यामार्फत पाठविली. पोच आली नाही. ती आली नाही. पुढच्या वर्षी दप्तराची झाडाझडती झाली तेव्हा मी त्या कागदांवर लिहिले: "अर्जदार पुन्हा हजर राहिल्या नाहीत. सबब प्रकरण नस्तीबद्ध करावे." वर साहेबांची सही झाली. प्रकरण संपले.

त्या बाईचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. ती वारली असेल, मुलीकडे गेली असेल, की नुसतीच कंटाळली असेल? मी एकही नियम मोडला नव्हता. कोणी चौकशी केली असती तर प्रत्येक शेऱ्याखाली मला कलम दाखविता आले असते. माझ्या गोपनीय अहवालात त्या वर्षी 'कामात काटेकोर' असा शेरा आहे. पण "म्हंजी आता म्या बाई न्हाई व्हय?" हे वाक्य तेव्हापासून माझ्या कानांत आहे. एखाद्या लग्नात, देवळात, भाजी निवडताना ते अवचित ऐकू येते.

आराखड्यात मी तीनशे शब्दांऐवजी चाळीसच लिहिले. कार्यालयात अर्ज किती आले, किती मंजूर झाले, किती नामंजूर झाले, किती शिल्लक राहिले, हे आकडे प्रत्येक महिन्याला वर जातात. परत पाठविल्यावर पुन्हा आलेच नाहीत असे किती, हा रकाना कोणत्याही तक्त्यात नाही. मला त्या माणसांचा शोध घ्यायचा आहे.

ज्येष्ठात मुलाखत झाली. लेखी परीक्षेला सत्तर टक्के वजन, मुलाखतीला तीस. टेबलापलीकडे तिघे होते. तिघेही माझ्याहून लहान. पहिल्यांनी विचारले, "मॅडम, आता लोकसेवा हक्काचा कायदा झाला. ठरल्या दिवसांत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला दंड होतो. तुमचा प्रश्न जुना झाला नाही का?"

हा कायदा 2015 चा. तो राबविण्यात माझी नोकरीची शेवटची वर्षे गेली होती. मी म्हटले, "सर, कायदा चांगला आहे. त्यानं पुष्कळ फरक पडला. पण त्यातले दिवस मोजायला सुरुवात होते ती सर्व बाबतींत परिपूर्ण असा अर्ज मिळाल्यापासून. अर्ज परिपूर्ण होईपर्यंतचे दिवस कोणी मोजत नाही. मला ते मोजायचे आहेत."

दुसऱ्या होत्या त्या बाई तरुण, डोळ्यांत भारी चमक. त्यांनी पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहन यांच्या 2018 सालच्या पुस्तकाचे नाव सांगितले. सरकारी मदत मिळविताना माणसाला तीन प्रकारचे ओझे वाहावे लागते असे त्यांनी मांडले आहे: काय मिळते आणि कसे मिळते हे कळून घेण्याचे, कागद, खेपा, पैसा यांचे, आणि तिसरे मनावरचे, म्हणजे ताण, लाज, लाचारी. पहिली दोन मला माहीत होती. तिसऱ्याला नाव आहे हे ऐकून मला कसेसेच झाले. त्या हसण्यालाही शास्त्रात जागा होती तर!

मग त्यांनीच विचारले, "पण ज्यांची नोंदच नाही, ती माणसं तुम्ही शोधणार कशी?"

खरा पेच हाच होता. ज्याचा अर्ज बारनिशीत चढला त्याचा माग निघतो. खिडकीवरूनच "हा कागद नाही, तो घेऊन या" असे सांगून ज्याला परत पाठविले त्याचा माग कोठेच नाही. मी म्हटले, "कचेरीपासून सुरुवात करून ते सापडणार नाहीत. गावापासून सुरुवात करावी लागेल. चार गावं निवडायची, घरोघर जायचं, आणि कोणाला काय मिळायला हवं होतं नि मिळालं नाही, ते विचारायचं. मग तो माग धरून कचेरीपर्यंत यायचं."

तिसरे इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "तुम्ही जन्मभर खिडकीच्या आतल्या बाजूला होतात. लोक तुम्हांला खरं सांगतील?"

मी विचार केला आणि म्हटले, "ठाऊक नाही." छत्तीस वर्षांत वरिष्ठांपुढे हे दोन शब्द मी पहिल्यांदाच उच्चारले असतील.

आषाढात यादी लागली आणि तीत माझे नाव होते. घरात पेढे आले. नातवाने साऱ्या आळीत दवंडी पिटली. पण नावापुढे बारीक अक्षरांत लिहिले होते: 'प्रवेश तात्पुरता, कागदपत्रांच्या पूर्ततेच्या अधीन.' मी खालून वर वाचत असल्याने मला ते आधी दिसले.

विद्यापीठ आमच्या गावाहून एस. टी.ने तीन तासांवर. 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, म्हणून खर्चाचे ओझे तेवढे हलके. पहिल्या खेपेला माझ्याजवळ स्थलांतर प्रमाणपत्र नव्हते. दुसऱ्या खेपेला ते नेले, तर एम. ए.नंतर शिक्षणात इतका खंड का पडला याचे प्रतिज्ञापत्र हवे होते. तिसऱ्या खेपेला तेही नेले. खिडकीतल्या तरुण कारकुनाने कागद ताडून पाहिले. मोठा सभ्य मुलगा; त्याने मला बसायला खुर्चीही दिली. बी. ए.चे पदवीपत्र माहेरच्या नावाचे, एम. ए.चे सासरच्या नावाचे. त्याने शेरा लिहिला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. तो वाचण्याची मला गरज नव्हती. "नावात तफावत."

विवाहाचे प्रमाणपत्र जोडले की काम होईल, तो म्हणाला. आमचे लग्न 1990 चे. दुसऱ्यांची लग्ने नोंदली आहेत की नाहीत हे तपासण्यात जन्म गेला, पण स्वतःच्या लग्नाची नोंद करायची राहूनच गेली होती! सात दिवसांची मुदत होती.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. पाऊस लागला होता. पाय सुजले होते, सकाळपासून पोटात एक वडापाव. मी मनाशी म्हटले, "जाऊ दे."

या वयात कशाला, असे सगळे म्हणतच होते. कोणाला सांगायचे झाले तर गुडघ्यांचे कारण होतेच. जाऊ दे म्हटल्याबरोबर किती हलके वाटले! घाटातले वळण येईपर्यंत मी जवळजवळ सुखी होते. आणि वळणावर माझ्या ध्यानात आले की तीस वर्षे ज्याचा मी अंदाज करीत होते ते हेच. ती बाई रागावली नसेल, रडली नसेल, कोणाला बोलली नसेल. अशाच एका गाडीत खिडकीशी बसून तिने म्हटले असेल, "जाऊं दे." मला तर पेन्शन आहे, लिहिता-वाचता येते, कायदा पाठ आहे, घरी कोणीतरी चहा घेऊन वाट पाहत आहे. तरी तीन खेपांत मी थकले. चौथी खेप तिने कशाच्या बळावर केली असेल?

घरी आल्यावर ह्यांना सांगितले, "आपल्याला लग्न नोंदवायचं आहे." ते म्हणाले, "विचार करून सांगतो." पस्तीस वर्षांनी तीन साक्षीदार गोळा करणे सोपे नव्हते. लग्न लावणारे गुरुजी केव्हाच निवर्तले होते. मामेभाऊ सापडला, नणंद आली, आणि तिसरा साक्षीदार म्हणून नातू हटून बसला. तो लग्नाला हजर नव्हता हे त्याला पटेना. अखेर माझी शाळेतली मैत्रीण आली. लग्नातल्या फोटोत ती माझ्या शेजारी उभी आहे, म्हणजे पुरावा पक्का. सहाव्या दिवशी प्रमाणपत्र हाती पडले, आणि सातव्या दिवशी मी विद्यापीठाच्या खिडकीशी हजर झाले.

त्या मुलाने शिक्का मारला. "झालं मॅडम. पूर्ण." मी त्याला विचारले, "ज्यांना तुम्ही त्रुटीसाठी परत पाठवता, त्यांतले परत न आलेले किती, याची नोंद असते का हो तुमच्याकडे?" तो गोंधळला. म्हणाला, "मुदत संपली की त्यांची नावं आपोआप निघतात. कशाला?" मी म्हटले, "सहज."

आता दिवाळी आली आहे. सूनबाईने चकल्या केल्या आहेत, आणि डब्यावर 'डॉक्टर आजीसाठी, तिखट कमी' अशी चिठ्ठी लावली आहे. माझे मार्गदर्शक मला 'मॅडम' म्हणतात, मी त्यांना 'सर' म्हणते, आणि दोघांनाही ते अवघड जाते. त्यांनी नोंदींसाठी तक्ता आखायला सांगितला होता. तो मी एका मोठ्या वहीत आखला आहे. रकाने पाच: अर्ज कशाचा, त्रुटी कोणती, खेपा किती, प्रत्येक खेपेचा खर्च, आणि शेवटी काय झाले.

पहिल्या ओळीत माझीच नोंद आहे. दुसऱ्या ओळीत मी लिहिले आहे: निराधार अनुदान, नावात तफावत, खेपा चार. पुढचे दोन रकाने कोरे आहेत.

भाऊबीज आटोपली की मी त्या गावाला जाणार आहे. सकाळची एस. टी. अजून एकच आहे, असे ऐकते.